तुलनेचं गाव

त्या माणसाचं नाव निघालं की आजही माझं डोकं फिरतं. आमच्या अभ्यासाचा तो प्रमुख. नागपूरहून जीपनं यायचा आणि सिंदेवाहीच्या विश्रामगृहात बसून आम्हाला बाळांच्या पोषणावर व्याख्यान झोडायचा. जन्मात एक तरी लंगोट धुतला असेल तर शपथ.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी जवळच्याच मूल गावची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. काम असं की धानाच्या पट्ट्यातल्या गावांत जाऊन अंगावर पिणाऱ्या बाळांची वजनं घ्यायची. गावांचे दोन गट केले होते. एका गटात आयांशी, सासवांशी दूध पाजण्याबद्दल बोलायचं. दुसऱ्या गटात नुसतं वजन घ्यायचं, तोंड उघडायचं नाही. ही तुलनेची गावं. आपल्या बोलण्यानं काही फरक पडतो का, हे त्यांच्याशिवाय कळणार नव्हतं. सिंदेवाहीत बसून ऐकताना मलाही ते पटलं होतं.

तुलनेच्याच एका गावात ती मुलगी होती, दोनेक महिन्यांची. रोवणी सुरू झाली आणि तिचं वजन घसरायला लागलं. कारण माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. आई दिवसभर चिखलात उभी राहून धान रोवायची. दुपारी जेवायला घरी यायची तेव्हा छाती दाटून आलेली असायची. पण चिखलात उभ्या बाईचं दूध थंडं होतं, त्यानं लेकराला सर्दी धरते, अशी त्या घरची समजूत. म्हणून ती न्हाणीच्या कोपऱ्यात बसून सगळं दूध पिळून टाकायची आणि परत बांधीत, धानाच्या चिखलात, जायची. संध्याकाळी पुन्हा तेच. मुलीला आजी डब्याच्या पावडरचं दूध द्यायची, तेही इतकं पातळ की बाटलीच्या पलीकडचं दिसावं.

आजीला मी डोळ्यासमोर नको असायचे. मुलीला वजनाच्या झोळीत घालून काट्याला अडकवलं की ती सुरू व्हायची. "लेकराले बकऱ्यावानी टांगून काऊन ठेवता वं? नजर लागते ना!" मलाही ती आवडत नव्हती. पण उलट बोलायची मला बंदी होती.

मी प्रमुखाला सांगितलं, मुलगी वाळत चालली आहे.

"आजारी आहे का?" त्यानं विचारलं. "असेल तर दवाखान्यात पाठवा."

"आजारी नाही, उपाशी आहे."

"मग नोंद करा," तो म्हणाला आणि चहात बिस्कीट बुडवलं.

पुढच्या वेळी झोळीत ती मुलगी रडलीसुद्धा नाही. तेव्हा मात्र मी त्याचा नियम गेला खड्ड्यात म्हटलं आणि आजीशीच भिडले. दूध थंडं होत नाही, हे मी म्हटलंच नाही; तिनं ते ऐकलं नसतं. मी म्हटलं, "थंडं होते ना? मग सुनेला चुलीपुढं बसवा. अंग चांगलं शेकू द्या, अन् मग पाजू द्या. पिळून काऊन टाकता?"

"तू कोण वं मले शिकवाले? माह्या घरी येऊन मलेच सांगून राह्यली?" ती कडाडली. पण थंडीचा मुद्दा तिचाच होता आणि त्यावर शेक हा उपायही तिच्याच ओळखीचा. फणफणत का होईना, तिनं चुलीत काटक्या सारल्या. सून शेकत बसली आणि मुलगी अशी तुटून पडली की तिच्या नाकातून दूध आलं. त्या दिवसापासून दुपारी अन् संध्याकाळी चूल पेटू लागली. मुलगी अंग धरू लागली.

मग एकदा प्रमुखसाहेब स्वतः पाहणीला आले. आजीनं तक्रारीची संधी सोडली नाही. "साहेब, हे बाई लय तोंडाची हाय. आमच्या घरात येऊन सुनंनं पोट्टीले कसं पाजाचं ते सांगते!"

तो माझ्याकडे वळला. गाव बिघडवलं म्हणाला, शिस्त मोडली म्हणाला. मी काट्याकडे बोट दाखवून म्हटलं, वजन बघा. त्यानं बघितलंही. मग म्हणाला, "वाढलंय ना, तेच तर चुकलं. हे बाळ आता आपल्या उपयोगाचं नाही. काढून टाका."

आजी पुढं झाली आणि तिनं नात झोळीतून उचलून घेतली. "उपयोगाची नाई? तुमच्या उपयोगासाठी पैदा केली का जी आम्ही?" मला वाटलं, म्हातारी आता माझ्या बाजूनं बोलणार. तिनं आमचा काटा खुंटीवरून ओढून अंगणात भिरकावला. "दोघंबी निंगा इथून. तू बी, अन् हा बी."

परतताना जीपमध्येच मला कामावरून काढलं. अभ्यास छापून आला तेव्हा मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात ती मुलगी नव्हती. दूध पिऊन वाढली, एवढाच तिचा गुन्हा.