विहिरीत गेलेले दगड

रद्दीवाल्याकडे मला एक जुनी सरकारी पुस्तिका सापडली. खानदेशच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी नव्याने शेती करायला येणाऱ्यांसाठी ती छापलेली आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘येथील जमीन निर्मनुष्य आहे.’ पुढे सल्ला आहे, ‘रानात जागोजागी उभे रोवलेले दगड आढळतात. ते विहीर बांधण्यास उत्तम.’

तिथल्या पाड्यांवर माणूस गेलं की त्याच्या नावाने शेताच्या कडेला दगड उभा करतात. लिहिणाऱ्याने दगड पाहिले, पण ते कोणी रोवले हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. विचारलं असतं तर पहिलं पान लिहिताच आलं नसतं.

उद्या तिथल्याच एका पाड्यावरच्या झुणाबाईच्या वनजमिनीच्या दाव्याची सुनावणी आहे. तुमची माणसं इथे पूर्वीपासून होती याचा पुरावा आणा, असं साहेब म्हणतात. तिचे कागद मीच तयार करतोय, म्हणून तिला ही पानं वाचून दाखवली.

ती म्हणाली, “कोणती विहीर, ते लिवलंय का दादा?”

“नाही.”

“बरं. साहेबाला म्हणावं, इकडच्या जुन्या विहिरींत वाकून बघ. माझा पणजा कुठल्यातरी विहिरीत असंल.”