होडी ओढायची गाडी

दुकानात दोर घ्यायला गेला की तो दोराचं एक टोक दुकानदाराच्या हातात द्यायचा, दुसरं स्वतःच्या मनगटाला गुंडाळायचा आणि म्हणायचा, "धर घट्ट." मग पाय रोवून असा हिसका मारायचा की दुकानदार अर्धा गल्ल्यावर यायचा. दोर तुटला नाही तर घ्यायचा. दुकानदाराने कंबर धरून शिव्या घातल्या तर म्हणायचा, "आधी वढून बघ, मगे बोल. माझा आपला असाच आसा."

असा माणूस तुमच्याही गावात एखादा असेल. आमच्याकडे हा होता. नाव लिहीत नाही. त्याला चार मुली, चारही बोलायला तिखट, आणि या वयात मला कोणाच्या शिव्या खायच्या नाहीत. माझी बायको त्याला भावजी म्हणायची. तिचं ऐकून पोरं म्हणायला लागली, मग सगळी वाडी. आपणही भावजीच म्हणू.

सावंतवाडीला नातीसाठी लाकडी बैलगाडी घ्यायला गेला तेव्हा मी बरोबर होतो. भावजीने गाडी दुकानातल्या फरशीवर ठेवली, तिच्यात दुकानदाराचं वजन घातलं आणि दोरी धरून ओढत थेट दारापर्यंत नेली. दाराच्या उंबऱ्यावर चाक निखळलं. दुकानदार म्हणाला, "अहो, ही खेळायची गाडी आहे." भावजी म्हणाला, "म्हणजे पोरग्या खेळताना वढूचा नाय?" शेवटी दुसरी मिळाली, तीही उंबरा ओलांडून दाखवल्यावर.

थोरल्या मुलीला बघायला मुलगा आला, तो वैभववाडीचा. त्याच्या सात पिढ्यांनी समुद्र लांबून बघितलेला. पोहे खाऊन होतात न होतात तोच भावजी त्याला किनाऱ्यावर घेऊन आला आणि होडीचा दोर हातात दिला. "वढ रे झिला." मुलाच्या धुतलेल्या पँटीची वाट लागली, तळव्याला फोड आले, पण त्याने दोर सोडला नाही. संध्याकाळी भावजी आमच्या पडवीत येऊन बसला आणि बायकोला म्हणाला, "वयनी, चेडू देतंय त्येका. रडाक इलो, पण सोडल्यान नाय."

आता गाडीची गोष्ट सांगतो.

आमच्या वाडीला बंदर नाही. उघडा किनारा आहे. होडी मासे घेऊन आली की ती पाण्यातून वर माडांपर्यंत ओढून घ्यावी लागते. खाली ओंडके घालायचे, पुढे दोर लावायचा, दहा-पंधरा माणसांनी लोटायचं आणि ओढायचं. आमच्या तरुणपणी माणसांना बोलवावं लागत नसे. मग तरणी पोरं तारकर्लीला पाहुण्यांच्या सरबराईला लागली, काही गोव्यात गेली. राहिलो आम्ही म्हातारे आणि बायका. आम्हीही घरात असायचो, रेडिओ लावून. सांगितल्याशिवाय कळायचं नाही की कोणाची होडी लागली. मोबाईल तेव्हा वाडीत कोणाकडे नव्हता.

भावजीला मुलगा नाही. मुली लग्न होऊन गेल्या, बायको तर कधीच गेलेली. रोज दारोदार जाऊन "हात लावक येवा" म्हणायची पाळी त्याच्यावर आली, आणि तेच त्याला जमत नसे. मासे फुकट वाटेल, पण मागायचं म्हटलं की जीभ आत जायची. आमच्या दारात येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "वयनी, वारो कसो वाटता?"

बायको आतून ओरडायची, "वाऱ्याचा रवांदे, भावजी! होडी वढूची आसा ना? तसा सांगा."

"तसा नाय, मी आपलो सहज इलंय."

"सहज इलात तर पाय ओले कशे?"

एका वर्षी मोसम संपता संपता वारा फिरला. गावात लग्न होतं, सगळी वाडी मांडवात जेवायला बसलेली. भावजी मांडवाच्या तोंडापर्यंत आला. पंगत बघितली आणि मागे फिरला. जेवणावरून माणसं उठवायची कशी, म्हणून. त्याची लाकडी होडी, बापाच्या वेळची, त्या दुपारी लाटांनी आपटून फोडली. आम्हाला नंतर समजलं. मी त्याला नको नको ते बोललो. तो खाली बघत फळ्या गोळा करत राहिला.

मग राहिली एकच होडी, फायबरची. "ही गेली तर माका काय आसा?" तो मला म्हणाला. "चेडवांच्या दारात पेज मागूक जांव काय?" आणि त्याने ठरवलं, होडी ओढायला गाडी घ्यायची. मागे दोर बांधला की झालं. कोणाच्या दारात जायला नको.

नवी घ्यायची ऐपत नव्हती. जुन्या दोन पिकअप विकायच्या होत्या. एक डिझेलची, मालवणच्या बर्फाच्या कारखानदाराची. दुसरी पेट्रोलची, आमच्याच वाडीच्या टोकाला राहणाऱ्या ख्रिस्ती पाववाल्याची. त्याच्या मामाने गोव्याहून आणलेली. दोघेही रोज भावजीकडे येऊन बसायचे आणि त्याचा चहा पिऊन एकमेकांच्या गाडीची खोड काढायचे.

पाववाला म्हणायचा, "पेट्रोलाची किल्ली फिरवलस की चालू. डिझेलवाल्याक सकाळी आधी गाडयेची आरती करूची लागता, मगे ती खोकता, मगे उठता."

बर्फवाला म्हणायचा, "पाव काय रे, फुंकर मारलंस तरी हलतत. होडयेक जोर होयो. डिझेल सावकाश वढता, पण बैलासारख्या वढता. तुझी पेट्रोल नुसती ओरडात आणि पित बसात."

"तुझो बैल रेतीत रुतलो तर तेका काढूक दुसरो बैल खंयसून हाडतलस?"

भावजी दोघांचं ऐकायचा. मालवणात जाऊन तिथल्या गॅरेजवाल्यांना विचारून आला. एकाने सांगितलं डिझेल, दुसऱ्याने सांगितलं पेट्रोल, तिसऱ्याने सांगितलं रेडा घ्या. माझी बायको म्हणाली, "भावजी, मुलीच्या लग्नाक इतको विचार केल्यात नाय."

"वयनी, तो जावय वढून बघितललो."

मग काय, ठरलं. दोन्ही गाड्या किनाऱ्यावर आणायच्या आणि एकच होडी दोघांनी ओढून दाखवायची.

एका रविवारी सकाळी वाडी जमली. पाववाला चर्चमधून तसाच आला, कडक इस्त्रीत. चाकांतली हवा थोडी कमी केली, रेतीवर माडाची झावळं पसरली. आधी डिझेल. दोर ताणला, होडी हलली. आणि होडी हलल्याबरोबर बघायला आलेली सगळी माणसं धावली आणि दोन्ही बाजूंनी तिला भिडली.

यात आमची चूक काय ते तुम्हीच सांगा. आमच्याकडे होडी हलायला लागली की जवळच्या माणसाने हात बांधून उभं राहायचं नसतं. वैऱ्याची असली तरी हात लावायचा, भांडण वर नेल्यावर करायचं. लहानपणापासून हाडात गेलेली गोष्ट. भावजी बोंबलत होता, "हात काढा रे! मेल्यांनो, गाडयेक वढूक देवा!" आणि आम्ही "हैसा, हैसा" करत होडी माडाखाली नेऊन ठेवली. माडाच्या हद्दीवरून त्याच्याशी बोलणं टाकलेला शेजारी होता, तो सगळ्यात पुढे.

बर्फवाल्याने मिशीवरून हात फिरवला. "बघितलास जोर?"

होडी परत पाण्यात लोटली. आता पेट्रोल. भावजीने सगळ्यांना देवाची शपथ घातली. आम्ही मान हलवली. दोर ताणला, होडी हलली, आणि पुढचं काय सांगू. पेट्रोलनेही होडी माडाखाली नेली, तेवढ्याच वेळात. भावजीने स्वतःच मागून खांदा लावलेला मी बघितला. त्यालाही कळलं नाही कधी लावला.

दोघे मालक आपापला जोर सांगत घरी गेले. भावजी होडीच्या कडेवर बसून राहिला.

मग त्याने युक्ती काढली. दुपारी, वाडी जेवायला बसते तेव्हा, गुपचूप बघायचं. साक्षीला मी एकटा. मला त्याने हात काखेत घालून उभं केलं आणि म्हणाला, "काढलस तर बघ."

आधी पेट्रोल. मांजर खाकरावं तसा आवाज झाला आणि गाडी चालू. ओल्या रेतीतून होडी सुरेख आली. सुक्या रेतीवर आल्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. पाववाल्याने पेडल दाबून दाबून दाबलं, जळका वास आला आणि गाडी बसली. माझे हात काखेत शिवशिवत होते, पण काढले नाहीत. होडी उतारावरून लोटून परत खाली नेली.

मग डिझेल. एकदा किल्ली फिरवली, काही नाही. पुन्हा, काही नाही. पाववाला छातीवर क्रूस काढून म्हणाला, "देवा, तेका शांती दी." तेवढ्यात धडाड करून गाडी उठली, काळा धूर आला, माडावरचे कावळे उडाले. दोर ताणला. गाडी मागच्या चाकांनी रुतत होती, तरी होडी इंचाइंचाने येत होती. आणि बघतो तो काय, वाडीतून माणसं पळत येतात! कोणाच्या हाताला भात, कोणी बनियनवर. माझी बायको डाव्या हातात कढी ढवळायचा डवला तसाच घेऊन आली आणि उजवा हात तिने होडीला लावला. होडी वर.

भावजी लालबुंद झाला. "कोणी बोलवल्यान तुमका? माका एकट्या गाडयेचो जोर बघूचो होतो!"

"गाडयेन बोलवल्यान, भावजी," बायको म्हणाली. "नायतर आमका काय सपान पडला?"

"मगे पेट्रोलाच्या वेळेक कित्याक नाय इलात?"

"ती कधी चालू झाली?"

सगळे हसले. भावजी हसला नाही. तो गाडीकडे बघत राहिला. मग बर्फवाल्याला म्हणाला, "बंद कर." त्याने बंद केली. "परत चालू कर." धडाड! आणि पलीकडच्या वाडीतून दोन माणसं हात पुसत बाहेर आली, कोणाची होडी लागली ते बघायला.

भावजीने तिथल्या तिथे डिझेल घेतली. पाववाला म्हणाला, "अरे, जोरात दोनय सारख्यो!" भावजीने किल्ली खिशात टाकली. घरी येताना मला एवढंच म्हणाला, "आता कोणाच्या दारात जावक नको."

पुढची वर्षं त्याची मजेत गेली. होडी लागली की हा गाडीत बसून तिला धडधडत ठेवायचा आणि माणसं गोळा होईपर्यंत आरशात बघत बसायचा. माणसं आली की विचारायचा, "तुमी खंय इलात?" जसं काही त्याला ठाऊकच नाही. आम्हीही म्हणायचो, "सहज इलंव." एकदा गॅरेजच्या पोराने भलेपणाने गाडीचा सायलेन्सर नवा घातला. भावजी गाडी घेऊन आला, किनाऱ्यावर उभी केली, वाट बघितली. कोणी आलं नाही. तसाच उलटा गॅरेजवर गेला. "माझो आवाज खंय गेलो?" म्हणून त्या पोराच्या अंगावर ओरडला आणि जुना, फुटका सायलेन्सर परत बसवून घेतला.

रात्री मात्र त्याच्या घरात आवाज नसायचा. जेवून तो अंगणात गाडीच्या मागच्या फळीवर बसायचा. एकटा माणूस असा बाहेर कशाला बसतो, असं मी बायकोला विचारायचो. ती म्हणायची, "तुमका नाय कळाचा." आता कळतं.

तो गेला तो मे महिन्याच्या अखेरीला, झोपेत. पावसाळ्यासाठी होड्या बंद व्हायला थोडे दिवस राहिले होते. मुली आल्या, जावई आले. सुतक चालू असताना एका दुपारी वारा फिरला, तोच, लाकडी होडी नेणारा. भावजीने पहाटे निघायचं म्हणून शेवटच्या रात्री खाली आणून ठेवलेली फायबरची होडी तशीच पाण्याच्या कडेला, लाटा तिला बडवायला लागलेल्या. गाडी अंगणात उभी होती. किल्ली आत देवाजवळ टांगलेली. रडणाऱ्या मुलींकडे ती किल्ली मागायची कोणाची छाती?

मी चपला घातल्या. म्हटलं दारोदार जाऊन माणसं काढू. पहिल्या दारात गेलो, घरात कोणी नाही. दुसऱ्याला कडी. मी चिडून खाली किनाऱ्यावर आलो, तर सगळी वाडी तिथे. पाववाला होता, बर्फवाला मालवणाहून फटफटीवर आलेला. बोलणं टाकलेल्या शेजाऱ्याने दोर बांधून तयार ठेवला होता. वैभववाडीचा जावई लुंगी खोचून पाण्यात उभा. गाडी नाही, हाक नाही. कोणी कोणाला विचारलं नाही, तू कसा आलास.

माझ्या बायकोचे गुडघे तेव्हा गेलेले होते, तरी ती मागून टेकली होती. आता तीही नाही. नाहीतर हे सगळं तिनेच सांगितलं असतं, माझ्यापेक्षा बरं.

ओढली आम्ही. पाऊस तोंडावर मारत होता, ओंडके सरकत होते, पण होडी माडाखाली नेऊन टेकवली. सगळे धापा टाकत होते. तेवढ्यात बायको भावजीच्या घराकडे वळली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात ओरडली, "भावजी, होडी वर इली हो!"

तिच्या लक्षात नव्हतं. आमच्याही नव्हतं. आम्ही सगळे दोर हातात धरून, तो काय म्हणतो ते ऐकायला थांबलो.