जळून पाणी होणारा वायू

आमच्या राजूरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांसमोर कुणी विडी पेटवली, तरी ते दचकून मागे सरत. त्यांचे वडील दूरच्या एका कोळसा खाणीत वायूच्या भडक्यात गेले होते. आणि याच माणसाचा जीव जडला होता हायड्रोजनवर, क्षणात पेट घेणाऱ्या वायूवर. साठ सालाच्या आसपास मी तिथे मराठी शिकवत होते.

“बाई, कोळसा जळला का राख उरते, अन् खणणाऱ्याच्या छातीत धूळ,” ते म्हणत. “हा जळला का नुसतं पाणी. उद्या गाड्या, गिरण्या याच्यावर चालतीन.” पाण्यातून तो काढायला वीज लागते, ती कोळशाचीच ना, असं मी विचारलं, की ते म्हणत, “तितंच अडलं हाये. कोणाले तरी दुसरी वीज शोधा लागन.”

स्नेहसंमेलनात त्यांनी गावातल्या खाणकामगारांना हायड्रोजनची ज्योत दाखवायचं ठरवलं. पुढे मुलं, मागे पाळी संपवून आलेले बाप. बाटलीत जस्तावर आम्ल ओतलं, नळीतून वायू येऊ लागला. सर परीक्षानळीत थोडा वायू धरून दूर नेऊन पेटवून बघत. आत हवा मिसळलेली असली, की नळी कुत्र्यासारखी भुंके. ती भुंकतच होती.

शाळा समितीचे अध्यक्ष कंटाळले. “किती वेळ लावून राह्यले, मास्तर?”

“थांबा. आत हवा हाये अजून.”

अध्यक्षांनी हसत काडी ओढली आणि बाटलीच्या नळीला लावली. सरांनी खांद्यावरचा पंचा बाटलीवर टाकून ती छातीशी कवटाळली आणि मुलांकडे पाठ केली. मोठा आवाज झाला.

“कोणाले लागलं का?” सरांनी वळून विचारलं. कुणाला लागलं नव्हतं. त्यांच्या डाव्या हातातून रक्त गळत होतं. मी पदर फाडून बांधला. लोक उठू लागले, तसे ते म्हणाले, “बसा. पाहूनच जा. बाई, दुसरी बाटली तुम्ही धरा.”

मी बाटली धरली. नळी भुंकली. पुन्हा भुंकली. मग नुसती फुस्स झाली. सरांनी काडी लावली. ज्योत दिसेना इतकी फिकी. पण वर धरलेल्या थंड ताटलीवर थेंब जमले. एका खाणकामगारानं बोट लावून पाहिलं. “इतलंच उरते?”

“इतलंच.”

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली. असले प्रयोग कायमचे बंद, असं अध्यक्ष म्हणाले. काडी कुणी ओढली, ते सांगायला मी उठले. सरांनी मला हातानं बसवलं. “चूक माही. मी जातो. माणूस बदला, पण पोरांचा प्रयोग बंद करू नका.”

ते समितीला सोयीचं होतं.

पुढच्या वर्षी नव्या सरांनी वर्गात ज्योत पेटवली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमचे सर ढाणकीच्या शाळेत गेले होते, तिथे त्यांना विज्ञान शिकवायला मिळालं नाही. ते भूगोल शिकवत होते.