सरकलेल्या बांधाची नोटीस

धाकटा भाऊ माझ्यावर जळतो, असं मी बायकोला वर्षानुवर्षं सांगत आलो. खरं म्हणजे जळत मी होतो. वाटणीत त्याला तळोज्याच्या रस्त्याला लागून तुकडा मिळाला, मला त्याच्या मागचा. चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या, मीच उचलायला लावल्या होत्या, तरी माझा जळफळाट काही थांबेना. मी नवीन पनवेलात शाळामास्तर, तो नववी नापास, आणि गावात कुणीही भेटलं की म्हणणार, "धाकट्यानं नशीब काढलं हो!"

मग आमच्याकडे भावकीत करतात तेच मी केलं. बांध कोरला. दर वर्षी माझ्या अंगाने थोडा छाटायचा, त्याच्या अंगाला तेवढीच माती थापायची. दहा-बारा वर्षांत बांध चांगला पाच फूट त्याच्याकडे सरकला. त्याने आपला तुकडा एका भंगारवाल्याला भाड्याने दिला होता. त्या पसाऱ्यात कुणाला काय कळणार, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी त्याच भंगाराची गाडी एका कारखान्याच्या फाटकावर अडली. किरणोत्सर्ग पकडणारं यंत्र कोकलायला लागलं होतं. भंगारवाला रातोरात पसार झाला. दुसऱ्या दिवशी मुंबईहून अधिकारी आले आणि मीटर घेऊन पाऊल-पाऊल जमीन तपासत फिरले. बांधापलीकडची भावाची जागा स्वच्छ निघाली. मीटर ओरडला तो बांधाच्या माझ्या बाजूला. कधीकाळी भंगारवाल्याने तिथे कसलंसं मशीन फोडलं होतं. तेव्हा ती जागा बांधाच्या भावाकडच्या बाजूला होती.

"हा पट्टा कुणाचा?" साहेबांनी विचारलं. नियम त्यांनी सरळ सांगितला. मूळ दोषी सापडेपर्यंत नोटीस जमीनवाल्याच्या नावे. माती त्यांचीच माणसं पिंपांत भरून नेणार, मग पुन्हा मोजणी. स्वच्छतेचा दाखला हातात पडेपर्यंत त्या अख्ख्या तुकड्यावर बांधकाम नाही की विक्री नाही. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही.

निवृत्तीनंतरच्या घराचा पाया मी पुढच्याच महिन्यात खणणार होतो. माझा म्हणावं तर घर गेलं, भावाचा म्हणावं तर चोरी उघडी. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि मी गप्प उभा.

भाऊच पुढे झाला. "साहेब, ती पट्टी माजी हाय. दादाची नाय."

"मग बांध इकडे कसा?"

"मातीचा बांध तो. सरकतो पावसात."

त्याने जुना नकाशा दाखवला, सही केली. त्याच तुकड्यावर तो पोराला घर बांधून देणार होता. अधिकारी गेल्यावर मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "पाच फूट हाय ना, दादा? मी पन मोजीत होतो दर साली."

माझ्या घराचा पाया ठरल्या मुहूर्तावर भरला. फावडं घेऊन सगळ्यांच्या आधी तोच हजर. त्याच्या पोराचं घर दाखल्यापायी अजून अडलंय. हसत हसत तो माझ्या घराच्या पायात दगड लावत होता, आणि मी बाजूला उभा राहून त्याच्यावर जळत होतो, आजवर कधी जळलो नव्हतो तेवढा.