कॅनची कडी

हे मी मिलिंदलाही सांगितलेलं नाही. नवरा आहे माझा, त्याच्यापासून मी काही लपवत नाही — असं तो समजतो. आईला नाही, बहिणीला नाही. आणि मेधाला तर — मेधालाच तर सांगायला हवं होतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

मेधा माझी सिंगापूरची, टॅम्पिनीसमधली मैत्रीण. आम्हा दोघींचे नवरे चांगी बिझनेस पार्कमध्ये एकाच बँकेच्या ऑफिसात होते. मी पाया लेबारला अकाउंट्समध्ये, मेधा घरी. मेटल डिटेक्टरचं खूळ माझं. सिंगापूर सोडून चाललेल्या एका शेजाऱ्याने तो मला देऊन टाकला, आणि पहिल्याच रविवारी मेधा कुंडीतलं खुरपं घेऊन माझ्याबरोबर निघाली. ओहोटी असली की आम्ही चांगी बीचवर. मी हेडफोन लावून डिटेक्टरची गोल चकती वाळूवरून फिरवायची, आवाज आला की थांबायची आणि मेधा उकरायची. बहुतेक वेळा निघायची कोकच्या कॅनची कडी. पण एकदा एक सेंटचं जुनं चौकोनी नाणं निघालं, ब्रिटिश राजाचा चेहरा असलेलं, तेव्हा ती ओल्या वाळूत चक्क नाचली. लोक बघत होते, तिला पर्वा नव्हती. मला ती फार आवडायची — हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं तुम्हाला सोपं वाटेल.

अशाच एका रविवारी, ती उकरत असताना, मी तिला सांगून बसले की मिलिंद गुपचूप दुसरीकडे इंटरव्ह्यू देऊन आलाय.

"शिरीषला बोलू नकोस हं." शिरीष म्हणजे तिचा नवरा.

"वेडी आहेस का?" ती म्हणाली.

थोड्याच दिवसांत ऑफिसात माणसं कमी केली. मिलिंदचं नाव त्यात होतं. मॅनेजर त्याला म्हणाला, तू तसाही चाललाच होतास ना, शिरीषकडून कळलं. दुसरीकडचं काही जमलं नाही. शेवटी मनिलाला नोकरी मिळाली आणि मिलिंद गेला. लेकीची शाळा मोडायला नको म्हणून मी माझ्या नोकरीच्या पासवर इथेच राहिले. लेक फोनच्या स्क्रीनला नाक लावून त्याला विचारायची, "बाबा, यू कमिंग बॅक ऑर नॉट?" आणि तो हसायचा. ते हसणं मला बघवायचं नाही.

मेधाला मी काही विचारलं नाही. का नाही विचारलं? विचारलं असतं तर भांडण झालं असतं, रडारड झाली असती, आणि प्रकरण मिटलं असतं. मला ते मिटवायचं नव्हतं. मी तिच्याबरोबर बीचवर जात राहिले. तिने डब्यात आणलेली थालीपिठं खात राहिले — चांगली व्हायची तिची थालीपिठं. आणि वाट बघत राहिले. कशाची, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मग तिची अंगठी हरवली.

तिच्या बाबांची अंगठी. ते सांगलीला वारले तेव्हा मेधा वेळेवर पोचू शकली नाही. ती घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भावाने बाबांची अंगठी तिच्या हातावर ठेवली. सोन्याची, पोवळ्याची, पोवळ्याचा एका बाजूने टवका उडालेला. तिला सैल व्हायची, म्हणून मागे दोरा गुंडाळून घालायची. एका रविवारी संध्याकाळी बीचवर उकरता उकरता ती बोटातून निसटली. लक्षात आलं तेव्हा मेधा गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागली.

"तुझं मशीन आहे ना, सुनंदा," ती म्हणत होती. "तू शोधशील. तू शोधशीलच."

मी शोधली. फारसा वेळही लागला नाही. सोन्याचा आवाज आणि कॅनच्या कडीचा आवाज जवळजवळ सारखाच येतो, उकरल्याशिवाय कळत नाही. मी वाकून वाळूत बोटं घातली. आधी दोरा लागला. ओला दोरा.

"काय गं?" मेधाने तिकडून विचारलं.

"कडी आहे. कॅनची."

किती सहज निघालं तोंडातून! मूठ खिशात गेली, आणि मी चकती पुन्हा फिरवायला लागले.

त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही शोधलं. मीच म्हणायची, आज त्या झाडांच्या बाजूला बघू या, भरतीने तिकडे सरकली असेल. ती बिचारी तिकडे उकरायची. तिची नखं तुटली. गणपतीला तिने साकडं घातलं. आणि मी? मला वाईट वाटत होतं असं लिहू? नाही — मला बरं वाटत होतं. आठवडाभर मी त्या रविवारची वाट बघायची. अंगठी माझ्या कपाटात होती, जुन्या मोज्यात. कधीतरी देऊन टाकू, असं स्वतःला सांगायची. कदाचित दिलीही असती.

पण एका दुपारी मेधा घरी आली. बसली नाही. दारातच, चपला न काढता, बोलायला लागली. "मी शिरीषला बोलले होते, सुनंदा. मिलिंदचं. तो पुढे बोलेल असं वाटलं नव्हतं, पण सांगितलं मीच. तुझ्याकडे बघवत नाही मला. बाबांची अंगठी गेली ना — ती त्याचीच शिक्षा."

कपाट मागच्याच खोलीत होतं.

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "जाऊ दे गं. झालं ते झालं." ती माझ्या खांद्यावर रडली, माझा कुर्ता भिजला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, रड. अजून रड.

अंगठी दिली असती तर काय झालं असतं? मलाही तोंड उघडावं लागलं असतं. आणि तिने मला माफ केलं असतं — मेधा तशीच आहे. मग आम्ही दोघी सारख्याच झालो असतो. तेच मला नको होतं. तिने खाली राहावं आणि मी वरून माफ करावं, एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चांगीच्या जेट्टीवर गेले, जिथून उबिन बेटाला बोटी सुटतात. दोऱ्यासकट अंगठी पाण्यात फेकली. जोर लावून फेकली, पुन्हा कधी मनात आलं तरी सापडू नये म्हणून.

पुढे मिलिंदला इथेच काम मिळालं आणि तो परत आला. माझं जे गेलं होतं ते मला मिळालं. मेधा आणि शिरीष पुण्याला गेले. ती अजून फोन करते. माझ्याबद्दल तिथे सगळ्यांना सांगते, सुनंदाएवढं मोठं मन मी पाहिलं नाही. मी ऐकून घेते. नाही म्हणत नाही.

आणि अजून एक, जे लिहायचं टाळत होते. त्या जेट्टीवरून परत येताना मला पश्चात्ताप झाला नव्हता. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली, वारा छान येत होता, आणि कितीतरी दिवसांनी मला खूप भूक लागली होती.