आईच्या वाट्याचा शब्द

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली, तेव्हा मला पोचवायला गडमुडशिंगीहून आमची निम्मी गल्ली आली होती. माणसं जयभीम करत होती, पिशव्या वर चढवत होती आणि आई खिडकीचा गज धरून विचारत होती, "समद्यांस्नी शब्द दिलास. माजा कुटला, त्ये सांगिटलंच न्हाईस की." सापडला की कळवते, म्हटलं. गाडी हलली. अमेरिकेला निघालेल्या लेकीला आईनं एवढं एकच विचारलं होतं.

गल्लीतल्या लोकांनो, तुम्हाला ही भानगड ठाऊक आहे. माझ्यासारखे लांब गेलेले वाचत असतील, त्यांच्यासाठी सांगते. नव्वदीची अखेर होती. इंजिनिअरिंग संपवून मी अमेरिकेत पुढं शिकायला जायच्या हट्टाला पेटले होते. त्यासाठीच्या परीक्षेत इंग्रजी शब्दांचा मोठा भाग असायचा आणि मी दहावीपर्यंत मराठी शाळेतली. दुपारच्या शांततेत विहारात बसून जाडजूड पुस्तकातले शब्द घोकायचे. संध्याकाळी पाटी कोरी. शेवटी चिडून ठरवलं, एकेक शब्द एकेकाला चिकटवायचा. आप्पा, म्हणजे वडील, अगदीच मोजकं बोलायचे, ते टॅसिटर्न. दारातली म्हैस हटवादी, म्हणून ऑबड्युरेट. शेजारची तानूआक्का गॅर्युलस.

आक्का आठवडाभर "मी ग्यारूलस हाय" असं सांगत मिरवली. मग कुणीतरी तिला अर्थ सांगितला. कमरेवर हात ठेवून ती दारात उभी राहिली. "मला बडबडी म्हनलीस व्हय गं?" मी पुस्तकाआड तोंड लपवलं. मग तीच म्हणाली, "खरं हाय म्हना. पर परीक्षेत इसरू नगंस." त्यानंतर लोक हक्कानं शब्द मागायला यायला लागले.

रेझिलियंट हा शब्द मात्र मी माणसाला दिलाच नाही. डिक्शनरीत पहिला अर्थ होता, दाबलं तरी पुन्हा मूळ आकारात येणारं. तो मी आप्पांच्या सायकलच्या सीटखालच्या स्प्रिंगला देऊन टाकला आणि पान उलटलं.

पहिल्या खेपेला मार्क कमी पडले. त्याच सुमारास आप्पा कामाला होते ती फौंड्री बंद पडली. मी पुस्तक ट्रंकेत टाकलं आणि नोकरी बघते म्हणाले. आई दुसऱ्याच दिवशी लोकांच्या शेतात तण काढायला, भांगलायला गेली. संध्याकाळी आली, हातपाय धुतले, पुस्तक ट्रंकेतून काढून माझ्यापुढं आपटलं. "ऊस तोडला म्हंजी फड संपला व्हय? त्याच बुडख्यास्नी परत फुटवं येत्यात, खोडवा हुतोय. बस परत." मी बसले. दुसऱ्यांदा निभावलं, स्कॉलरशिपही मिळाली.

अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात पहिल्याच पेपरात माझी दांडी गुल झाली. मग मी रोज प्रोफेसरबाईंच्या दारात जाऊन बसायला लागले. हाकललं तरी हलायचं नाही, असं ठरवूनच. पुढच्या पेपराचे मार्क देताना बाई म्हणाल्या, तू रेझिलियंट आहेस. मला हसूच फुटलं. बाई मला सायकलची सीट म्हणत होत्या! हसण्याचं कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी समजावलं, माणसालाही म्हणतात. मोडून पडलं तरी पुन्हा उभं राहणाऱ्याला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले आणि ढसाढसा रडले. हा शब्द मी परीक्षेसाठी पाठ केला होता, आणि तो जिचा होता ती आई माझ्यासमोर पुस्तक आपटून गेली होती.

गल्लीत फोन आक्काच्याच घरी होता. रविवारी आईला तिथं बोलावून घेतलं, शब्द सांगितला, अर्थ सांगितला. तिनं "रेजिलंट, रेजिलंट" असं तोंडात घोळवून बघितलं. मग म्हणाली, "चांगला हाय. पर ह्यो तूच ठेव. मला हितं समदी वळखत्यात. तितं तुला कोन वळखतंय? तुलाच लागंल त्यो."

लागला. नोकरीच्या मुलाखतीत लागला, कामावरून काढलं तेव्हा लागला, पुन्हा उभी राहिले तेव्हाही लागला. परक्या मुलखात आपण कोण ते रोज नव्यानं सांगावं लागतं, न दमता. मी सांगते. अजून बरीच वर्षं सांगेन. पण घर कुठं, असं कुणी विचारलं की मला आईचंच बोलणं आठवतं. जिथं ओळख द्यायला एकही शब्द लागत नाही, ते घर.

म्हणून सुट्टीत गडमुडशिंगीच्या थांब्यावर उतरले की मी रेझिलियंट वगैरे काही नसते. बॅग खाली ठेवायच्या आत आक्का गल्लीच्या तोंडाशी येते आणि आईला हाक मारून ओरडते, "आली गं तुजी पोरगी!"