पिवळं कौल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सातारच्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. आता तुम्हाला सांगतेय, तेही गाडीत बसून, फोनवर घाईघाईने लिहीत. छाती नुसती धडधडतेय. भीतीने? असेल. पण खरं सांगू? थोडी आनंदानेही.

मला लहानपणापासून किल्ल्यांचं वेड. इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला येऊन गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करायला लागले, तरी ते गेलं नाही. दिवाळीत बाहेर थंडी असते, म्हणून आमच्या गराजमध्ये मी मंडळाच्या मुलांकडून मातीचा किल्ला करून घेते. मातीच्या पिशव्या हार्डवेअरच्या दुकानातून, मावळे भारतातून, अळीव पेरून गवत. आणि दर वर्षी माझं भाषण ठरलेलं — गडावर नाव कोरायचं नाही, तिथला दगड उचलायचा नाही, आपण तिथे पाहुणे असतो! मुलं मागे उभी राहून माझी नक्कल करतात. करू देत. पण मी ते अगदी मनापासून सांगत होते, एवढं लक्षात ठेवा.

ऑफिसात माझ्या शेजारी मेइ बसते. तिचे वडील तिच्याकडेच राहतात, त्यांना मी ग्वान काका म्हणते. त्यांचं घराणं कुठलं, तर चीनमधल्या सम्राटांच्या समाध्या राखणारं! सम्राट गेले, राज्यं गेली, पण राखणदारांची गावं अजून त्या समाध्यांभोवतीच आहेत. काकांचे एक धाकटे भाऊ आजही तिथे पहाऱ्यावर असतात. हे मला कळलं आणि मी मेइच्या मागेच लागले. एकदा कामासाठी दोघी चीनला गेलो, तेव्हा रविवारी ती मला तिकडे घेऊन गेली.

काय सांगू तुम्हाला! चालायला लागलो, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, दगडी उंट, दगडी सरदार — आणि तो रस्ता काही संपेना. मागे डोंगर, पुढे डोंगर, मध्ये पाईनची झाडं आणि त्यातून डोकावणारी छपरं, हळदीसारखी पिवळीधमक. तो पिवळा रंग फक्त सम्राटाच्या घरचा. पट्टराणी नसलेल्या राण्यांच्या समाध्यांवर हिरवी कौलं. एका समाधीत खाली उतरलो, तर सगळ्या दगडी भिंती कोरलेल्या. मी तर वेडीच झाले. मेइचे काका, म्हणजे तेच धाकटे भाऊ, पुढे, मी मागे, प्रश्नांवर प्रश्न. त्या गृहस्थांनी माझ्यासाठी सुट्टी घेतली होती.

मागच्या तटाशी गवतात जुन्या कौलांचे तुकडे पडले होते. ते सांगत होते, मेइ भाषांतर करत होती — लहानपणी या भावांनी इथून पाईनचं एक बोंड जरी घरी नेलं, तरी आजोबा त्यांना परत पाठवायचे. जिथून उचललं तिथेच ठेवून यायला. मी हसले. हसता हसता बुटाची नाडी बांधायला वाकले — आणि तळहाताएवढा एक पिवळा तुकडा पर्समध्ये टाकला. खाकऱ्याच्या पाकिटाखाली.

का? हाव, दुसरं काय. ते सगळं मला इतकं आवडलं होतं, की त्यातलं काहीतरी माझं हवं होतं.

तो खरा गुन्हा, असं तुम्हाला वाटत असेल. नाही हो. खरा पुढेच आहे.

त्या दिवाळीत मला राहवलं नाही. किल्ल्याच्या महादरवाजावर तो तुकडा छप्पर म्हणून बसवला. काय शोभला! "मावशी, इज दॅट रिअल गोल्ड?" पोरांचा एकच गलका. ग्वान काका दर वर्षी किल्ला बघायला येतात, हे मी विसरले होते का? की विसरायचं ठरवलं होतं?

ते आले. वाकले. तुकडा उचलला, बाहीने माती पुसली, उलटा करून पाहिला. मग मेइला काहीतरी विचारलं. मेइने मला विचारलं, हे कुठून आणलंस?

मुलं बघत होती. माझं भाषण नुकतंच संपलं होतं. आणि मी — हसत, क्षणभरही न अडखळता — म्हणाले, "तुझ्या काकांनी दिला. निघताना, आठवण म्हणून."

काकांनी दोन्ही हातांनी तो तुकडा परत दरवाजावर ठेवला. भावाने दिलेली भेट पाहुण्याकडून कशी काढून घ्यायची?

पण तिथली वस्तू दिलीच कशी, हे विचारायला त्यांनी भावाला फोन केला. भाऊ शपथेवर नाही म्हणाला. पण मुलांना गडाचा मान राखायला शिकवणारी बाई खोटं बोलेल, हे काकांच्या मनातही येईना. मेइच्याही नाही. खोटा ठरला तो राखणदार. दोघं भाऊ बोलेनासे झाले. मेइ हे मला जेवणाच्या सुट्टीत सांगत होती, आणि मी माझ्या डब्यातली भाजी तिला वाढत होते. घशाशी आलेलं किती वेळा गिळलं! आधी वाटलं, मिटेल आपोआप. मग वाटलं, आता फार उशीर झाला. त्यानंतर किती दिवाळ्या गेल्या, किल्ले झाले, भाषणं झाली. तुकडा मात्र पुन्हा कधी दरवाजावर बसला नाही.

वसंतात त्यांच्याकडे आई-वडिलांची कबर झाडायचा दिवस असतो. पूर्वी धाकटे भाऊ तिकडे कबर झाडायचे, फोन समोर धरायचे, आणि इथे काका पडद्यापुढे वाकून नमस्कार करायचे. भांडणानंतर ते बंद झालं. आज तोच दिवस. मघाशी मेइचा फोन आला. काकांनी सकाळीच आंघोळ करून टेबलावर संत्री मांडली, बंद फोन समोर उभा करून ठेवला आणि त्या काळ्या पडद्यापुढे वाकले. सांगताना ती रडत होती.

मी तशीच उठले, कपाटातून तुकडा काढला आणि निघाले. नवरा विचारत राहिला, "अगं, ऑफिसला सुट्टी ना आज? निघालीस कुठे?" आता काकांच्या घरासमोर गाडी लावलीये. सांगायचं वाक्य पाठ केलंय: मी चोरलं, त्यांनी दिलं नव्हतं. एवढंच. त्याला पुढे-मागे काही जोडायचं नाही. तिकडे आता रात्र झाली असेल, पण धाकटे भाऊ अजून जागे असतील. काकांनी फोन लावला, तर त्यांच्यासमोरही हेच सांगायचंय.

अरे — दार उघडलं. काकांनी गाडी ओळखली. सपाता घालून अंगणात आलेत, हसतायत, चहाला या म्हणून हात हलवतायत.

मी उतरतेय. तुकडा पर्समध्ये नाही. हातात धरलाय, त्यांना तिथूनच दिसेल असा.